स्वस्तात पाडलेलं सरकार

एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ग्वाटेमाला सरकारच्या हातात एक मागणीपत्र ठेवलं. युनायटेड फ्रूट कंपनीची जी जमीन तुम्ही सरकारजमा केलीत, तिचे १,५८,५४,८४९ डॉलर द्या, असं त्यात म्हटलं होतं. ग्वाटेमालाने त्या जमिनीपोटी देऊ केले होते सव्वासहा लाख डॉलरच्या आसपास, तेही पंचवीस वर्षांच्या मुदतीच्या, तीन टक्के व्याजाच्या कर्जरोख्यांत. तफावत पाहून कुणालाही वाटावं की एका छोट्या देशाने परक्या कंपनीला लुबाडलं. पण तो आकडा सरकारने काढलेलाच नव्हता. कर भरताना कंपनीने स्वतःच्या जमिनीची जी किंमत लिहून दिली होती तीच सरकारने धरली. कर वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं दाबून सांगितलेली किंमत भरपाईच्या वेळी कंपनीच्या अंगाशी आली. खरेदीखतात कमी रक्कम दाखवून वरची रोख हातात घेणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यातली गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

कंपनीचा जन्म १८९९ चा, बोस्टनचा. मध्य अमेरिकेत रेल्वे टाकणारा मायनर कीथ आणि केळ्यांचा व्यापारी अँड्र्यू प्रेस्टन यांनी आपापले धंदे एकत्र केले आणि पन्नास वर्षांत ही कंपनी ग्वाटेमालातली सर्वांत मोठी जमीनदार होऊन बसली. साडेपाच लाख एकरांच्या आसपास जमीन तिच्या ताब्यात होती आणि त्यातली सुमारे ८५ टक्के पडीक. पुएर्तो बारिओस हे अटलांटिक बाजूचं देशाचं बंदर तिच्या मुठीत, तिथवर जाणाऱ्या रेल्वेवर तिचं नियंत्रण, आणि माल वाहणारी पांढरीशुभ्र जहाजंही तिचीच. कॉफीच्या देशी मळेवाल्यालासुद्धा माल बाहेर पाठवायचा तर कंपनी ठरवील ते भाडं मोजूनच. लोक तिला ‘एल पुल्पो’ म्हणत, म्हणजे ऑक्टोपस.

पडीक जमिनीबाबत कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पनामा नावाच्या मर रोगाने मळेच्या मळे बसत, मग नव्या लागवडीला कोरी जमीन लागे. याच रोगाने पुढे त्या काळची ग्रो मिशेल ही जात जागतिक बाजारातून घालवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातली केळी आली. जळगावचा शेतकरी आज जी-नाइन म्हणून लावतो ते ग्रँड नैन याच गटातलं. पण शेजारचा माणूस उपाशी असताना लाखो एकर उद्याच्या रोगासाठी राखून ठेवणं हे त्याला पटवून देणं कठीणच.

आणि शेजारचा माणूस खरोखर उपाशी होता. देशातल्या शेतजमिनीपैकी ७० टक्क्यांच्या आसपास जमीन दोन टक्के मालकांकडे होती. बहुसंख्य प्रजा माया वंशाची, स्वतःच्या भाषा बोलणारी, डोंगरांतल्या तुकड्यांवर मका पिकवणारी. होर्हे उबिको या हुकूमशहाने १९३४ मध्ये कायदाच केला की भूमिहीनाने वर्षातले शंभर ते दीडशे दिवस मळ्यावर राबलं पाहिजे आणि त्याची नोंद असलेली वही जवळ बाळगली पाहिजे. वेठबिगार म्हणतात ती हीच, फक्त तिच्यावर सरकारी शिक्का होता. १९४४ मध्ये शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार आणि तरुण लष्करी अधिकारी यांनी मिळून ही राजवट उलथवली. अर्जेंटिनात तत्त्वज्ञान शिकवणारे हुआन होसे आरेवालो मायदेशी परतले आणि निवडणूक जिंकून अध्यक्ष झाले. त्यांनी कामगार कायदा आणला, सामाजिक विमा आणला आणि दोन डझनांहून जास्त कट पचवून आपला कार्यकाल पुरा केला. १९५१ मध्ये त्यांच्या जागी आले हाकोबो आर्बेन्झ, ४४ च्या उठावातलेच एक अधिकारी. वडील स्विस औषधविक्रेते, बायको एल साल्वादोरच्या जमीनदार घराण्यातली. क्रांतिकारक म्हणून डोळ्यांपुढे येतो तसा हा माणूस नव्हता.

१७ जून १९५२ रोजी त्यांच्या सरकारने ९०० क्रमांकाचा हुकूम काढला. ९० हेक्टरांच्या वरच्या मालकांची न कसलेली जमीन घ्यायची, कर्जरोख्यांत मोबदला द्यायचा आणि भूमिहीनांना वाटायची. अठरा-वीस महिन्यांत एक लाखाच्या आसपास कुटुंबांना जमीन मिळाली. खुद्द आर्बेन्झ यांचीही काही जमीन या कायद्यात गेली. आपल्याकडे मुंबई राज्यात याच काळात कूळ कायद्याची पावलं पडत होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला इथली कुळं कायद्याने मालक झाली, आणि कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या मुंबई सरकारला कुणी मॉस्कोचं हस्तक ठरवलं नाही. त्याहून मौजेची गोष्ट जपानची. महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी अमलाखालीच तिथल्या जमीनदारांकडून याहून कितीतरी कडक कायद्याने जमीन काढून कुळांना दिली गेली होती, आणि साम्यवाद रोखण्याचा उपाय म्हणून वॉशिंग्टनला त्याचा अभिमान होता. ग्वाटेमालात फरक एवढाच की इथली सर्वांत मोठी जमीनदारीण बोस्टनची होती.

कंपनीला वॉशिंग्टनमध्ये आपली माणसं शोधायला लांब जावं लागत नसे. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि त्यांचे भाऊ, सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस, हे दोघेही पूर्वी ज्या वकिली संस्थेत होते तिची ही कंपनी अशील. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या खासगी सचिव बाईंचे यजमान कंपनीचे प्रसिद्धिप्रमुख. परराष्ट्र खात्यातले दुय्यम मंत्री बेडेल स्मिथ पुढे कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. शिवाय एडवर्ड बर्नेज हा जनसंपर्काच्या धंद्याचा आद्यपुरुष पगारावर होताच. तो अमेरिकी पत्रकारांना कंपनीच्या खर्चाने मध्य अमेरिकेत फिरवून आणी आणि मग वर्तमानपत्रांत लाल संकटाच्या बातम्या येत.

एवढी नातीगोती पाहिली की गोष्ट फार सोपी होऊन जाते: केळी विकणाऱ्या कंपनीने महासत्तेकडून एक सरकार पाडून घेतलं. श्लेसिंजर आणि किंझर यांच्या ‘बिटर फ्रूट’ या १९८२ च्या गाजलेल्या पुस्तकाचा कल साधारण असाच आहे. मला ही गोष्ट पुरती पटत नाही. कारण आर्बेन्झ गेल्यावर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा, २ जुलै १९५४ रोजी, अमेरिकेच्याच न्याय खात्याने युनायटेड फ्रूटवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. कंपनीच्या तालावर नाचणारं सरकार असं करत नाही. साम्यवादाची भीती खोटी होती असंही म्हणता येत नाही. पिएरो ग्लेहेसेस या इतिहासकाराने नंतर बारकाईने दाखवलं की साम्यवादी नेता होसे मानुएल फोर्तुनी हा आर्बेन्झ यांचा जवळचा मित्र होता आणि जमीन सुधारणेच्या कायद्याच्या मसुद्यातही त्याचा हात होता. पण मंत्रिमंडळात एकही साम्यवादी नव्हता, संसदेत अवघे चार, आणि सोव्हिएत रशियाचा त्या देशात साधा दूतावाससुद्धा नव्हता. भीती खरी असली म्हणून ती तपासून घ्यायची नसते, असं थोडंच आहे? ती तपासावी असं कुणालाच वाटलं नाही, आणि त्याचं मुख्य कारण मला असं दिसतं की चूक झाली तरी फारसं काही बिघडणार नव्हतं. देश तीस लाख वस्तीचा, सैन्य किरकोळ, आणि सीआयएने मोहिमेसाठी मंजूर केलेली रक्कम होती तीस लाख डॉलर. माणशी एक डॉलर.

मोहिमेचं सांकेतिक नाव होतं पीबीसक्सेस. तिला मंजुरी मिळाली ऑगस्ट १९५३ मध्ये, म्हणजे इराणमध्ये मोसादेक यांचं सरकार ज्या महिन्यात पाडलं गेलं त्याच महिन्यात. फ्लोरिडातल्या ओपा-लोका इथल्या लष्करी तळावर कचेरी थाटली गेली. होंडुरासमध्ये आश्रयाला असलेला कर्नल कार्लोस कास्तियो आर्मास हा मोहरा निवडला. मार्च ५४ मध्ये काराकासला भरलेल्या अमेरिका खंडातल्या देशांच्या परिषदेत जॉन फॉस्टर डलेस यांनी साम्यवादी हस्तक्षेपाविरुद्धचा ठराव १७ विरुद्ध १ असा मंजूर करून घेतला. विरोधातलं एकमेव मत ग्वाटेमालाचं, मेक्सिको आणि अर्जेंटिना तटस्थ. १ मेपासून ‘मुक्तीचा आवाज’ नावाचं आकाशवाणी केंद्र बोलू लागलं. आपण ग्वाटेमालाच्या जंगलातून, जिवावर उदार होऊन बोलतो आहोत, असं निवेदक सांगत. प्रत्यक्षात कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण मायामीत होत होतं.

मग आर्बेन्झ यांनीच विरोधकांच्या हातात कोलीत दिलं. अमेरिका अनेक वर्षं ग्वाटेमालाला शस्त्रं विकत नव्हती आणि इतरांनाही विकू देत नव्हती. तेव्हा त्यांनी गुपचूप चेकोस्लोव्हाकियाकडून खरेदी केली. १५ मे रोजी आल्फहेम हे स्वीडिश जहाज सुमारे दोन हजार टन शस्त्रं घेऊन पुएर्तो बारिओसला लागलं. त्यातली बरीचशी जुनाट, काही तर त्या देशाच्या रस्त्यांवर आणि जंगलांत निरुपयोगी. पण लोखंडी पडद्याआडून शस्त्रं आली, एवढं वॉशिंग्टनला पुरेसं होतं. न्यू यॉर्क टाइम्सचा सिडनी ग्रुसन हा बातमीदार या प्रकरणात सरकारी सुरात सूर मिसळत नव्हता. ॲलन डलेस यांनी वृत्तपत्राच्या मालकांकडे शब्द टाकला आणि ऐन मोक्याच्या वेळी ग्रुसन ग्वाटेमालापासून दूर ठेवला गेला.

१८ जूनला ‘मुक्तिसेना’ सरहद्द ओलांडून आली. तिच्यात माणसं होती जेमतेम ४८०. एक तुकडी तर निघण्याआधीच एल साल्वादोरच्या पोलिसांनी पकडली, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. गुआलान या गावी तीसेक सैनिकांनी आपल्या चौपट हल्लेखोरांना पिटाळलं. पुएर्तो बारिओसवर चालून गेलेल्यांना पोलीस आणि गोदी कामगारांनी हाकललं. लष्करी दृष्टीने पाहिलं तर हे आक्रमण दोन-तीन दिवसांत संपायला हवं होतं. बंडखोरांची विमानं निकामी होऊ लागली तेव्हा आयझेनहॉवर यांनी ॲलन डलेस यांना विचारलं, नवी विमानं दिली तर यश मिळेल? वीस टक्के शक्यता, असं उत्तर आलं. न दिली तर शून्य. विमानं दिली गेली.

ही विमानं राजधानीवर येऊन थोडेफार बॉम्ब टाकत, पत्रकं टाकत, आवाज जास्त करत. लोकांनी त्यांना ‘सुल्फातोस’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे रेचक. आर्बेन्झ यांच्याकडे स्वतःचं हवाई दल होतं, पण ते त्यांनी जमिनीवरच बसवून ठेवलं. एक निवृत्त हवाई अधिकारी आधीच पळून गेला होता. त्याला दारू पाजून बोलतं केलं गेलं आणि सहकाऱ्यांनो, विमानांसकट इकडे या, अशा अर्थाचं त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करून प्रसारित झालं. मग कुठल्या वैमानिकावर भरवसा ठेवायचा? पण खरी अडचण सरकारी सैन्याच्या झाकापा इथल्या छावणीत होती. तिथल्या अधिकाऱ्यांना कास्तियो आर्मासची भीती नव्हती. त्याला हरवलं तर त्याच्यामागून अमेरिकेचं सैन्य उतरेल, ही होती. २५ जूनला त्यांनी राजधानीत निरोप पाठवला: आम्ही लढणार नाही. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ग्वाटेमालाची तक्रार विषयपत्रिकेवर घ्यायची की नाही यावर मतदान झालं. चार बाजूने, पाच विरुद्ध. ब्रिटन आणि फ्रान्स मतदानापासून दूर राहिले. तक्रार त्या दिवशी चर्चेलासुद्धा घेतली गेली नाही. परिषदेचं त्या महिन्याचं अध्यक्षपद अमेरिकेकडेच होतं.

२७ जूनच्या रात्री आर्बेन्झ यांनी आकाशवाणीवरून राजीनामा दिला. पुढच्या अकरा दिवसांत एकामागून एक पाच लष्करी मंडळं आली आणि गेली, आणि कंबरेला पिस्तूल लावून फिरणारे अमेरिकी राजदूत जॉन प्युरिफॉय यांच्या मनासारखं होईपर्यंत हा खेळ थांबला नाही. मेक्सिकोच्या दूतावासात आश्रय घेतलेल्या आर्बेन्झ यांना सप्टेंबरमध्ये देश सोडू दिला, तो विमानतळावर छायाचित्रकारांसमोर कपडे उतरवायला लावून. पुढची सोळा वर्षं त्यांनी देशोदेशी काढली. १९७१ मध्ये मेक्सिको सिटीत त्यांचा मृत्यू झाला. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा याने सत्तापालटाच्याच वर्षी, ५४ मध्ये, ‘गौरवशाली विजय’ नावाचं भलंमोठं चित्र रंगवलं. त्यात जॉन फॉस्टर डलेस कास्तियो आर्मासशी हस्तांदोलन करत आहेत आणि दोघांमध्ये उभ्या असलेल्या बॉम्बला आयझेनहॉवर यांचा चेहरा आहे.

मॉस्कोशी संबंधाचे पुरावे शोधायला सीआयएची एक तुकडी लगोलग गेली. तिने दीड लाखाहून जास्त कागद चाळले, आणि हाताला लागावं असं काही लागलं नाही. पण तोवर कोण विचारतो?

कास्तियो आर्मासने वाटलेली जमीन परत घेतली, कामगार संघटना मोडल्या, निरक्षरांचा मताधिकार काढला. म्हणजे मतदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक गेले. साम्यवादी म्हणून नोंदलेल्यांची यादी ७२,००० नावांवर गेली. १९५७ मध्ये त्याचा स्वतःचाच खून झाला. वॉशिंग्टनला मात्र या मोहिमेची एवढी भुरळ पडली की १९६० मध्ये तीच माणसं तोच प्रयोग क्यूबावर करायला बसली, आणि क्यूबातून पळून आलेल्यांना शिक्षण द्यायला जागा निवडली ग्वाटेमालातलाच एक कॉफीचा मळा. आपल्या भूमीचा असा वापर होतो या संतापाने, आणि सरकारातल्या लाचखोरीला विटून, १३ नोव्हेंबर १९६० रोजी काही ग्वाटेमालन अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते फसलं. त्यातले योन सोसा आणि तुर्सिओस लिमा डोंगरात गेले आणि गनिमी युद्ध सुरू झालं. दोघांनाही लष्करी प्रशिक्षण अमेरिकेने दिलेलं होतं. ५४ च्या जूनमध्ये राजधानीत एर्नेस्तो गेव्हारा नावाचा एक अर्जेंटिनी डॉक्टर होता. जुनं सैन्य तसंच ठेवून क्रांती टिकत नाही, हा धडा तो तिथून पुढे क्यूबाच्या क्रांतीत घेऊन गेला. क्यूबाच्या किनाऱ्यावर १९६१ मध्ये अमेरिकेचा डाव फसला त्याला हेही एक कारण.

डोंगरातलं युद्ध ३६ वर्षं चाललं. माणसं गायब करण्याचं तंत्र लॅटिन अमेरिकेत ज्या ठिकाणी सर्वांत आधी पद्धतशीर वापरलं गेलं त्यांत ग्वाटेमाला येतं: मार्च १९६६ मध्ये तीसेक डाव्या कार्यकर्त्यांना उचललं गेलं आणि ते पुन्हा दिसले नाहीत. या कामाच्या पोलीस यंत्रणेला अमेरिकी सल्लागारांनी वळण लावलं होतं. १९६८ मध्ये व्हायरन व्हाकी या अमेरिकी मुत्सद्द्याने आपल्याच खात्याला कळवळून लिहिलं की या दहशतीकडे आपण डोळेझाक केली आणि तिला उत्तेजनही दिलं. ते टिपण फायलीत गेलं. १९७७ मध्ये कार्टर सरकारने मदतीला मानवी हक्कांची अट घातली, तेव्हा ग्वाटेमालाच्या लष्करशहांनी मदतच नाकारली आणि शस्त्रं इस्रायलसारख्या इतर देशांकडून घेतली.

१९८२ चा डिसेंबर मात्र तारीखवार पाहण्याजोगा आहे. मार्चमध्ये बंड करून सत्तेवर आलेला जनरल एफ्राइन रिओस मोन्त माया खेड्यांवर सैन्य सोडून बसला होता. ४ डिसेंबरला अध्यक्ष रेगन त्याला होंडुरासमध्ये भेटले आणि नंतर पत्रकारांना म्हणाले की या माणसाची उगाच बदनामी चालली आहे. दोन-तीन दिवसांनी काइबिल या खास दलाचे सैनिक देशाच्या उत्तरेकडच्या दोस एर्रेस या गावात शिरले. गावात पाण्यासाठी खणायला घेतलेल्या कोरड्या विहिरीत त्यांनी आधी मुलं टाकली, मग बायका आणि पुरुष. दोनशेहून जास्त माणसं मेली. महिनाअखेर अमेरिकी दूतावासाचे अधिकारी हेलिकॉप्टरने वरून गाव पाहून आले आणि त्यांनी वॉशिंग्टनला कळवलं की हे बहुधा लष्कराचंच काम आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने ग्वाटेमालावरची शस्त्रबंदी उठवली आणि हेलिकॉप्टरचे सुटे भाग विकायला परवानगी दिली.

माहिती नव्हती असं म्हणायला इथे जागा नाही. माहिती होती, टंकलिखित होती, तारखेसह होती. आणि ती आपल्याला आज ठाऊक आहे ती त्याच सरकारने कागद खुले केल्यामुळे. या देशाचा हा स्वभाव मला नेहमी चक्रावून टाकतो. एक हात जे करतो त्याची दुसरा हात इमानदारीने नोंद ठेवतो, आणि वीस-तीस वर्षांनी ती वाचायलाही देतो. १९९६ मध्ये शांतता करार झाल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने बसलेल्या सत्यशोधन आयोगाने फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल दिला: दोन लाखांहून जास्त मृत आणि बेपत्ता, ओळख पटलेल्या बळींत ८३ टक्के माया, ९३ टक्के गुन्हे लष्कराचे आणि त्याच्या साथीदारांचे, आणि काही भागांत वंशसंहार. आयोगाने अमेरिकी कागद वापरले होते. पुढच्याच महिन्यात अध्यक्ष क्लिंटन यांनी ग्वाटेमाला सिटीत येऊन, अशा सैन्याला पाठिंबा देणं चूक होतं, असं सांगितलं. २०१३ मध्ये रिओस मोन्तला वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी ८० वर्षांची शिक्षा झाली. दहा दिवसांत तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. फेरखटला रेंगाळत असताना २०१८ मध्ये तो मेला.

कंपनीलाही या सगळ्यातून शेवटी फारसं काही मिळालं नाही. मक्तेदारीच्या खटल्यात १९५८ मध्ये तिला तडजोड करावी लागली, १९७२ मध्ये ग्वाटेमालातली उरलीसुरली जमीन तिने डेल माँटे कंपनीला विकून टाकली. नाव बदलून आज ती चिकिता झाली आहे. कोलंबियातल्या निमलष्करी टोळ्यांना पैसे पुरवल्याची कबुली तिने २००७ मध्ये अमेरिकी न्यायालयात दिली आणि अडीच कोटी डॉलर दंड भरला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्वाटेमालाने बर्नार्दो आरेवालो यांना निवडून दिलं. ते त्या पहिल्या अध्यक्षांचे, हुआन होसे आरेवालोंचे चिरंजीव, वडील परागंदा असताना उरुग्वेत जन्मलेले. सरकारी वकिलांचं कार्यालय त्यांचा पक्षच बाद ठरवायला निघालं, तेव्हा वॉशिंग्टनने निवडून आलेल्या माणसाची बाजू घेतली आणि डिसेंबरमध्ये शंभरावर खासदारांसह सुमारे तीनशे जणांच्या व्हिसांवर निर्बंध आणले. त्याचा उपयोग झाला, नाही असं नाही. पण ऑक्टोबरपासून त्या वकिली कार्यालयासमोर रस्त्यावर ठाण मांडून बसली होती ती तोतोनिकापानच्या ४८ कांतोनेस या वस्त्यांच्या संघटनेची आणि इतर माया समाजांची माणसं, आपापल्या मानाच्या काठ्या घेऊन, शंभरहून जास्त दिवस. १५ जानेवारी २०२४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, संसदेने शेवटच्या घटकेपर्यंत खोळंबवल्यानंतर, आरेवालोंचा शपथविधी झाला. त्याच रात्री नवे अध्यक्ष त्या ठिय्याकडे गेले.